जुन्या गाडीचा पाचवा गिअर

१९६५ सालच्या फोर्ड मस्टँगमध्ये चौथा गिअर हाच शेवटचा. त्या गिअरमध्ये इंजिनाचा एक फेरा म्हणजे प्रोपेलर शाफ्टचाही एकच फेरा. मधे दात्यांची कसलीही देवघेव नाही. याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. पुढचा हिशेब मागच्या एक्सलमधल्या क्राउन-पिनियनचा. तिथले प्रमाण ३.५० असेल तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला साडेतीन फेरे घ्यावे लागतात. टायरचा व्यास साधारण २५ इंच धरला, तर ताशी ७० मैलांना, म्हणजे ११२ किलोमीटरच्या वेगाला, हे इंजिन मिनिटाला जवळपास ३,३०० फेरे घेत असते. २८९ घनइंची व्ही-८ इंजिनाला एवढे फेरे सहज झेपतात. झेपत नाहीत ते आत बसलेल्या माणसांना. कानात सतत घोंगावणारा आवाज, पायाखालच्या पत्र्याची थरथर, वरचेवर गाठावा लागणारा पेट्रोल पंप, आणि गाडी आणखी एक गिअर मागते आहे ही न सरणारी जाणीव. हात नकळत दांड्याकडे जातो आणि तिथे पुढे काहीच नसते.

तो नसलेला गिअर बसवणे हा अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या दुनियेतला चांगलाच रुळलेला उद्योग आहे. मूळचा तीन किंवा चार गिअरचा बॉक्स उतरवायचा आणि त्या जागी ओव्हरड्राइव्ह असलेला अलीकडचा बॉक्स चढवायचा. ओव्हरड्राइव्हमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो. प्रमाण ०.६८ असेल तर इंजिनाच्या ६८ फेऱ्यांत शाफ्टचे १०० फेरे होतात. वरचे ३,३०० फेरे त्यामुळे २,२४० वर उतरतात. वेग तोच, रस्ता तोच, इंजिनाचे फिरणे मात्र जवळजवळ एक तृतीयांशाने कमी.

याने पेट्रोल का वाचते, हे थोडे उलगडून पाहण्यासारखे आहे. सपाट रस्त्यावर एका लयीत चाललेल्या गाडीला इंजिनाच्या ताकदीचा अगदी थोडा भाग पुरतो. त्यामुळे कार्ब्युरेटरची झडप जेमतेम किलकिली असते, आणि त्या फटीतून हवा ओढून घेण्यातच सिलिंडरांची बरीच मेहनत खर्ची पडते. फेरे कमी झाले की प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला काम जास्त येते. झडप थोडी अधिक उघडावी लागते, हवा ओढण्याची मेहनत घटते, पिस्टन-रिंगांचे घासणेही कमी होते. बचत होते ती या दोन जागी. गाडीला हवा कापायला जी ताकद लागते, तिच्यात काडीचाही फरक पडत नाही.

जुन्या गाड्यांना हा गिअर का नव्हता, असे विचारले की तेव्हा तंत्रज्ञानच नव्हते, असे उत्तर सहज दिले जाते. ते खरे नाही. क्रायस्लरच्या एअरफ्लो गाड्यांत १९३४ सालीच ओव्हरड्राइव्ह होता. बोर्ग-वॉर्नर कंपनीचे हे यंत्र तीन गिअरच्या बॉक्सच्या शेपटीला जोडलेले असे: मधे एक सूर्य-चाक, भोवती फिरणारी ग्रह-चाके, आणि बाहेर त्यांना कवेत घेणारे कडे. सूर्य-चाक एका खिट्टीने जागच्या जागी धरून ठेवले की बाहेरचे कडे इंजिनापेक्षा जोरात फिरू लागते. प्रमाण साधारण ०.७०. ठरावीक वेग ओलांडल्यावर चालकाने ॲक्सिलरेटरवरून क्षणभर पाय उचलायचा, की खिट्टी पडायची. पुढच्या काळातल्या यंत्रांत, पुन्हा जोर हवा असेल तर पाय पार खाली दाबायचा. तेव्हा एक स्विच इंजिनाची ठिणगीच पळभर तोडत असे, कारण दात्यांवर ताण असताना खिट्टी निघत नाही; ताण सैल झाला की ती सुटे आणि गाडी खालच्या गिअरवर येई. संगणकाचे नाव नसताना केलेली ही योजना आजही थक्क करते. खोट एकच. ओव्हरड्राइव्ह लागण्याआधीच्या वेगात गाडी मोकळी धावे, म्हणजे उतारावर इंजिनाचा लगाम राहत नसे आणि सारा भार ब्रेकवर येई. डोंगरात जाताना डॅशबोर्डखालची मूठ ओढून हे सगळे बंद ठेवावे लागे.

पन्नाशीच्या दशकात फोर्ड, शेवरले, स्टुडबेकर यांच्या गाड्यांना ही सोय जादा पैसे मोजून मिळत होती. इंग्लंडमध्ये लेकॉक-डी-नॉर्मनव्हिल नावाचे तेलाच्या दाबावर चालणारे यंत्र ट्रायम्फ, एमजी, जॅग्वार यांच्या मागे बसत होते, आणि तिथे ते सत्तरच्या दशकातही टिकून राहिले. अमेरिकेत मात्र त्याची गरज वाटेनाशी झाली. इंजिने मोठी होत गेली, लोक स्वयंचलित गिअरबॉक्सकडे वळले, आणि पेट्रोल गॅलनला तीसएक सेंटना मिळत होते. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग लोकांसमोर आली, तेव्हा १९५६ च्या कायद्याने आखलेले आंतरराज्य महामार्ग अजून तुकड्यातुकड्यांनी बांधले जात होते. गिऱ्हाइकाला हवा होता सिग्नलवरून सुटतानाचा पिकअप, आणि तो देण्यासाठी एक्सलचे प्रमाण चढे ठेवले की काम भागत होते. ज्या रस्त्यासाठी आणि ज्या भावाच्या पेट्रोलसाठी ती गाडी बनली, त्यांना चार गिअर पुरेसे होते. पुढे बदलली ती परिस्थिती.

ती बदलली १९७३ च्या तेलसंकटाने. १९७४ च्या आरंभी देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. १९७५ च्या कायद्याने मोटार कंपन्यांवर सरासरी मायलेजचे बंधन घातले: १९७८ च्या मॉडेलांना गॅलनमागे १८ मैल, १९८५ पर्यंत २७.५. मग मोडीत निघालेला ओव्हरड्राइव्ह कंपन्यांना आठवला. या वेळी तो शेपटीला न जोडता गिअरबॉक्सच्याच पोटात घातला गेला. फोर्डचा एओडी हा स्वयंचलित बॉक्स १९८० च्या मॉडेलांत आला, जनरल मोटर्सचा २००-४आर १९८१ मध्ये आणि ७००आर४ १९८२ मध्ये. हाताने टाकायच्या गिअरांत बोर्ग-वॉर्नरचा टी-५ हा पाच गिअरचा बॉक्स १९८३ पासून मस्टँगमध्ये बसू लागला. गंमत अशी की, ५५ च्या मर्यादेत पेट्रोल वाचवायला जन्मलेले हे बॉक्स आज जुन्या गाड्यांना ७५ ने पळवण्यासाठी शोधले जातात. ती मर्यादा १९९५ च्या अखेरीस रद्द झाली.

अदलाबदलीची ही प्रथा रुजली ती भंगाराच्या वाड्यांत. ऐंशीच्या दशकातल्या मस्टँग ठोकल्या गेल्या, गंजल्या, आणि त्यांच्याखालचे टी-५ स्वस्तात निघू लागले. हा बॉक्स ॲल्युमिनियमचा, वजनाला ७५ पौंडांच्या घरात. साठच्या दशकातला फोर्डचा 'टॉपलोडर' बिडाचा, बराच जड. शिवाय दोन्ही गाड्या फोर्डच्याच घरातल्या असल्याने जुन्या आणि नव्या मस्टँगच्या इंजिनांचे नाते जवळचे होते. पुढे १९९६ मध्ये बोर्ग-वॉर्नरचा हा व्यवसाय मेक्सिकोतल्या ट्रेमेक कंपनीकडे गेला. जुन्या गाड्यांसाठी मुद्दाम बनवलेले टीकेओ आणि अलीकडचा टीकेएक्स हे बॉक्स तिचेच. वाड्यातून आणलेला बॉक्स किती मैल चाललाय आणि कोणाच्या हाताखाली, हे कळायला मार्ग नसतो. नव्या बॉक्सची किंमत ऐकून जीव दडपतो खरा, पण जुना उघडून त्याची बेअरिंगे आणि सिंक्रो-रिंगा बदलायच्या ठरवल्या की दोन किमतींतले अंतर पुष्कळच भरून निघते.

बॉक्स निवडताना आधी पाहायचा तो टॉर्क, म्हणजे पीळ. ऐंशीच्या दशकातल्या मस्टँगच्या टी-५ ची सहनशक्ती २६५ पाउंड-फूट सांगितली जाई. १९९० पासून ती ३०० झाली. १९६५ च्या दोन नळीच्या कार्ब्युरेटरवाल्या २८९ इंजिनाचा कागदोपत्री पीळ २८२, चार नळीचा ३०५. म्हणजे प्रकरण काठावरचे आहे. शांतपणे चालवणाऱ्याच्या हाती टी-५ वर्षानुवर्षे टिकतो; रुंद टायर घालून सिग्नलवरून चाके जाळत सुटणाऱ्याच्या हाती तिसऱ्या गिअरचे दाते उडतात. टीकेएक्सची मर्यादा ६०० आहे. एवढी ताकद साध्या २८९ ला कधीच लागत नाही, तरी अनेक जण तोच घेतात. यात सावधपणा किती आणि मिरवण्याची हौस किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

खरा विचार करावा लागतो तो प्रमाणांचा, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी उरकला जातो. लोक पाचव्या गिअरचा आकडा पाहून बॉक्स घेतात. पहिल्या गिअरचा आकडा त्यांना गाडी चालवताना कळतो. चार गिअरच्या टॉपलोडरचा पहिला गिअर २.७८. मागच्या ३.५० शी गुणला की ९.७३ होतात, आणि ही मस्टँगची सुटण्याची ओळखीची ताकद. मस्टँगच्या टी-५ चा पहिला गिअर ३.३५ चा. त्याच एक्सलवर गुणाकार ११.७ वर जातो. गाडी जागेवरून उसळते खरी, पण चौक ओलांडायच्या आत दुसरा गिअर टाकावा लागतो आणि पहिला नावापुरता उरतो. तोच बॉक्स ३.०० च्या एक्सलपुढे ठेवला तर पहिल्याचा गुणाकार १०.०५ येतो, म्हणजे जवळपास पूर्वीइतकाच. आणि ताशी ७० मैलांना पाचव्यात इंजिन साधारण १,९२० फेरे घेते. एक्सल बदलायचा नसेल तर पहिला गिअर २.९५ आणि पाचवा ०.६३ असलेला टी-५ ही मिळतो, त्याने ३.५० च्या एक्सलवरही फेरे २,०७५ पर्यंत उतरतात.

उलट दिशेची चूक जास्त महागात पडते. कारखान्यातून २.८० चा एक्सल घेऊन आलेल्या गाडीला ०.६८ चा पाचवा गिअर दिला, तर ७० मैलांना फेरे १,८०० च्याही खाली जातात. टॉप गिअरमध्ये सायकलवरून चढ चढणाऱ्याची जी गत, तीच मग इंजिनाची. पूल चढताना गाडी गुदमरते, पाय दाबावा तर इंजिन ठोके देते, आणि चालक कंटाळून चौथ्यात येतो. इंजिनात तिखट कॅमशाफ्ट घातलेला असेल तर विचारायलाच नको. तो तीन हजारांच्या पुढे गाणारा, अठराशेला नुसता खोकतो. २८९ ला २,००० ते २,३०० फेऱ्यांत महामार्ग कापता आला तर जुळणी नीट साधली असे समजायला हरकत नाही. म्हणून बॉक्स, एक्सल, टायर आणि कॅमशाफ्ट यांचा हिशेब एकाच कागदावर मांडावा लागतो. त्यातले एक बदलले की बाकीचे तिघे बोलू लागतात.

यानंतरची लढाई जागेची. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेच्या आकाराच्या कवचाला बेलहाउसिंग म्हणतात. क्लच त्याच्या पोटात असतो. मस्टँगच्या पहिल्या काही महिन्यांतल्या व्ही-८ इंजिनांवर ते पाच बोल्टांनी बसते, आणि ऑगस्ट १९६४ च्या सुमारास फोर्डने सहा बोल्टांची रचना आणली. बाजारात मिळणारे बहुतेक सामान सहा बोल्टांचे. गाडी कागदावर '१९६५' ची असली तरी खाली वाकून बोल्ट मोजल्याशिवाय सामान मागवू नये. फ्लायव्हीलचीही अशीच फसगत आहे. जुन्या २८९ ची आणि १९८१ पर्यंतच्या ३०२ घनइंची इंजिनाची फ्लायव्हील २८ औंस-इंचांच्या मुद्दाम ठेवलेल्या असमतोलाची. त्याच ३०२ च्या, म्हणजे ५ लिटरच्या, नंतरच्या इंजिनाची ५० औंस-इंचांची. दोन्ही दिसायला सारखी, दोन्ही बसतात. पण बॉक्ससोबत आलेली नवी फ्लायव्हील जुन्या इंजिनावर चढवली की सारी गाडी थरथरायला लागते आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सच्या माथी येतो.

या कामातली सगळ्यात बारीक पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. गिअरबॉक्सचा पुढचा दांडा क्रँकशाफ्टच्या अगदी मध्यरेषेत यायला हवा, आणि ती रेषा ठरवते बेलहाउसिंगच्या मागचे गोल भोक. ओतीव कामातल्या फरकामुळे हे भोक केसभर सरकलेले असू शकते. ते तपासण्यासाठी चुंबकाच्या बुडाचा डायल गेज फ्लायव्हीलवर चिकटवतात, त्याची सुई भोकाच्या आतल्या कडेला टेकवतात आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवतात. गेज क्रँकबरोबर फिरतो आणि काटा पुढे-मागे हलतो. एका पूर्ण फेऱ्यात काटा ०.००५ इंचांपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण आठव्या भागापेक्षा, जास्त हलता कामा नये. समजा तो ०.०१४ हलला. भोक प्रत्यक्षात सरकलेले असते त्याच्या निम्मे, ०.००७. मग इंजिनातल्या दोन सरळ डॉवेल पिना काढून त्या जागी ०.००७ इंचांच्या आडमध्याच्या पिना घालतात, त्या योग्य दिशेला वळवतात आणि पुन्हा मोजतात. पहिल्याच फटक्यात जुळले तर नशीब. दुपार जाते, हाताला ग्रीस लागते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच झालेले दिसत नाही. हे न करणाऱ्यांचे बॉक्स नवेकोरे असूनही गिअर अडून पडतो, पायलट बेअरिंग कण्हू लागते, आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळे पुन्हा खाली उतरवावे लागते. दुसऱ्यांदा उतरवताना मात्र गेज हमखास आणला जातो.

क्लचच्या जोडणीवर गॅरेजांत वाद रंगतात. मूळ मस्टँगमध्ये पेडलची हालचाल इंजिनाच्या बाजूने जाणाऱ्या झेड आकाराच्या आडव्या दांड्यातून क्लचपर्यंत पोचते. ऐंशीच्या दशकातल्या बेलहाउसिंगला केबल लागते. तिच्यासाठी डॅशमागच्या पत्र्याला भोक आणि आधार द्यावा लागतो. तिसरा मार्ग तेलाच्या दाबाचा. पेडल लोण्यासारखे हलके होते, पण त्याचा एक प्रकार बेलहाउसिंगच्या आतच बसतो आणि तो पाझरू लागला की गिअरबॉक्स काढण्यावाचून इलाज नसतो. मूळचे बेलहाउसिंग ठेवून टी-५ पुढे जोडपट्टी लावली तर झेड-दांडा जसाच्या तसा चालतो. गाडीत कमीत कमी ढवळाढवळ व्हावी असे वाटणाऱ्यांनी याच वाटेने जावे.

मजल्यातल्या बोगद्याचा प्रश्नही असाच. टी-५ सडपातळ आहे. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये तो पत्रा न कापता जातो आणि दांडा बहुतेक वेळा मूळ भोकाच्या आसपासच वर येतो. टीकेओ जाडजूड होता, त्याच्यासाठी अनेक गाड्यांत बोगदा कापून उंच करावा लागे. टीकेएक्सचे कवच त्यामुळेच आटोपशीर केले गेले. खालचा आडवा आधार मूळ बोल्टांच्या भोकांत बसणारा विकत मिळतो. एकदा पत्र्याला कटर लागला की ती गाडी मागे वळत नाही. चांगल्या आणि वाईट कामातली सीमा कुठे काढायची असेल तर ती इथे.

प्रोपेलर शाफ्ट मोजून गरजेप्रमाणे कापावा किंवा नवा बनवावा लागतो, आणि कापला की समतोल करून घ्यावा लागतो. त्याहून नाजूक आहे तो कोन. गिअरबॉक्सची शेपटी जितकी खाली झुकते, तितकेच मागच्या पिनियनचे नाक वर हवे, म्हणजे दोन टोकांच्या क्रॉस-जॉइंटांचे हिसके एकमेकांना मारून टाकतात. कोन एक ते तीन अंशांत ठेवतात. पार शून्यही नको. जॉइंटमधल्या सुयांसारख्या बेअरिंगांना थोडी हालचाल मिळाली नाही तर त्या एकाच जागी खड्डे पाडतात.

स्पीडोमीटरचे काम तसे सोपे. त्याची केबल गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या दांड्यावर फिरते, त्यामुळे ओव्हरड्राइव्हचा तिच्याशी संबंध नाही. संबंध एक्सलचा आणि टायरचा. अमेरिकन केबल-स्पीडोमीटर मैलाला १,००० फेऱ्यांवर बेतलेले असतात. २५ इंची चाक मैलाला साधारण ८०७ फेरे घेते, त्याला ३.५० ने आणि आतल्या गिअरच्या ७ दात्यांनी गुणून हजाराने भागले की १९.८ येतात. म्हणजे केबलच्या टोकाला २० दात्यांचा छोटा प्लॅस्टिकचा गिअर हवा. एक्सल ३.०० चा असेल तर १७. चार-पाच डॉलरांची ही वस्तू विसरून हजारोंचे काम झालेली गाडी वेग चुकीचा दाखवत फिरते, असे दृश्य दुर्मीळ नाही.

स्वयंचलित बॉक्सची कथा थोडक्यात सांगता येते, कारण त्यात एकच मोठा धोका आहे. दोनच गिअरचा पॉवरग्लाइड काढून ७००आर४ घातला की पहिला गिअर ३.०६ आणि चौथा ०.७० मिळतो, आणि जुन्या शेवरलेचा कायापालट होतो. पण या बॉक्सला कार्ब्युरेटरपासून एक केबल येते. ती साधी किकडाउनची, म्हणजे पाय दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी, तार समजून सैल सोडली जाते. प्रत्यक्षात ॲक्सिलरेटर किती दाबला आहे हे ती बॉक्सला सांगते, आणि त्यावरून आतल्या तेलाचा दाब ठरतो. ती चुकीची लागली तर दाब अपुरा पडतो आणि नवा बॉक्स थोड्याच मैलांत आतून जळतो. १९५५ ते ५७ च्या शेवरलेत आणखी एक अडचण: तिथे इंजिनाचे मागचे आधार बेलहाउसिंगलाच होते, गिअरबॉक्सखाली आडवा आधारच नाही. तो नवा बसवावा लागतो.

त्याहून जुन्या गाड्यांत जाऊच नये असा एक टप्पा आहे. १९४८ पर्यंतच्या फोर्ड आणि १९५४ पर्यंतच्या शेवरले यांचा प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत असतो, आणि ही नळी मागच्या एक्सलचा रेटा पुढे पोचवून गाडीला ढकलण्याचेही काम करते. तिथे गिअरबॉक्स बदलायचा म्हणजे नळी काढायची, एक्सल बदलायचा, त्याला धरून ठेवणारी सारी मांडणी नव्याने करायची. इतके केल्यावर उरते ती जुन्या पत्र्यातली नवी गाडी. अशांना फक्त क्राउन-पिनियनचे प्रमाण बदलून द्यावे. थोडे कमी मिळते, पण गाडी तीच राहते.

काम नीट झाले की चालवण्यात काय बदलते? पहिला फरक हाताला कळतो. टॉपलोडरचा रिव्हर्स डावीकडे वर, टी-५ चा उजवीकडे खाली, आणि पाचवा उजवीकडे वर. वर्षानुवर्षांची सवय असलेला हात पार्किंगमध्ये भलतीकडे जातो. दुसरा फरक तेलाचा: टॉपलोडर जाड गिअर ऑइल पितो, तर १९८५ नंतरच्या टी-५ च्या आतल्या अस्तर लावलेल्या रिंगांना पातळ, स्वयंचलित बॉक्सचे तेल लागते, जुन्या सवयीने जाड तेल ओतले की थंडीत गिअर पडता पडत नाही. महामार्गावर पाचवा टाकल्यावर इंजिन मागे सरकल्यासारखे होते आणि आजवर त्याने दडवलेले आवाज पुढे येतात: खिडकीच्या रबराची शीळ, मागच्या एक्सलची घरघर, डॅशबोर्डमधली कुठलीशी खुळखुळ. मालकाला वाटते हे सारे नव्याने सुरू झाले.

पैशांचा हिशेब मात्र जुळत नाही. समजा गाडी वर्षाला २,००० मैल फिरते आणि गॅलनमागे १६ ऐवजी १९ मैल देऊ लागते. वर्षाला वीस गॅलन वाचले. बॉक्स, क्लच, शाफ्ट, आधार मिळून होणारा काही हजार डॉलरांचा खर्च या वीस गॅलनांतून वसूल व्हायला एक आयुष्य पुरायचे नाही. ओव्हरड्राइव्ह पेट्रोलसाठी जन्मला असेल; जुन्या गाडीत तो घातला जातो तो तिला ट्रेलरवर न चढवता चारशे मैलांवरच्या मेळाव्याला स्वतःच्या चाकांवर नेता यावे म्हणून.

आणि त्याच मेळाव्यात तिचे गुण कापले जातात, कारण परीक्षक मूळपणा पाहतात. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्युरिनच्या जाहीरनाम्यात घेतलेली भूमिका व्यवहार्य आहे: बदल करावाच लागला तर तो पुन्हा उलटवता यावा, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपावेत. भारतातला कायदा वेगळ्या बाजूने येतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात फेरफार करायला आडकाठी करते. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' मालिकेची स्वतंत्र नोंदणी आणली. त्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी असे म्हणताना चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या बदलांचा नावाने उल्लेख आहे, गिअरबॉक्सचा नाही. तरी ही फट गृहीत धरण्याआधी आरटीओत विचारलेले बरे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चौथ्या गिअरमध्ये किंचाळणाऱ्या पद्मिनीला किंवा ॲम्बॅसडरलाही पाचवा हवाच असतो. ॲम्बॅसडरला तो कारखान्यानेच दिला, नव्वदच्या दशकात, १,८१७ सीसीच्या इसुझू इंजिनासोबत, आणि स्टिअरिंगवरचा दांडा खाली मजल्यावर आणून. तिथे इंजिन आणि बॉक्स जोडीनेच बदलल्यामुळे बेलहाउसिंगची कटकट कंपनीपुढे आली नाही. जुने इंजिन ठेवून बाहेरचा बॉक्स जोडू पाहणाऱ्यापुढे ती येतेच.

उतरवलेला टॉपलोडर ठेवायचा तर तेल काढून टाकण्याऐवजी भरलेला ठेवावा, म्हणजे आतले दाते गंजत नाहीत. दोन्ही टोके बंद करावीत आणि तो आडवाच ठेवावा. त्याच्या एका बोल्टखाली 'आरयूजी' अक्षरांनी सुरू होणारा कोड कोरलेला लहानसा पत्रा असतो. हा बॉक्स कोणत्या गाडीसाठी आणि कोणत्या प्रमाणांचा, हे त्यावरूनच कळते, आणि धुण्या-पुसण्यात नेमका तोच हरवतो. मूळ शाफ्ट, खालचा आधार, दांड्याची जोडणी आणि स्पीडोमीटरचा जुना गिअर त्याच्यासोबत एकाच खोक्यात, चिठ्ठी लावून ठेवावेत. गाडी विकायची वेळ आली की घेणारा हे खोके आधी मागतो.